रायफल बॅरलचा ट्विस्ट कुठल्या बुलेटला चालतो?

कॅलिपर

ट्विस्टचे प्रश्न चार वेगवेगळ्या धाग्यांत विखुरले आहेत, म्हणून हा एक स्वतंत्र धागा काढतोय. बहुतेक प्रश्न एकाच साच्याचे असतात: "बॅरल १:९ ची आहे, किती ग्रेनपर्यंत (ग्रेन म्हणजे बुलेटच्या वजनाचं एकक) चालेल?" मग कुणीतरी वजनांचा तक्ता चिकटवतं आणि विषय मिटतो. तक्ता बऱ्याचदा बरोबरही निघतो, पण तो बरोबर निघण्याचं कारण वजन नाही. हे एकदा नीट कळलं की तक्ता कुठे फसेल तेही आधीच ओळखता येतं.

आधी व्याख्या. ट्विस्ट म्हणजे नळीच्या आतल्या सर्पिल खाचांचा (रायफलिंगचा) पीळ. १:९ म्हणजे बुलेट नळीत नऊ इंच पुढे सरकेपर्यंत स्वतःभोवती एक पूर्ण फेरा घेते. दुसरा आकडा जितका लहान, तितका पीळ घट्ट आणि फिरकी जलद. मिलिमीटरमध्ये छापलेलं असेल तर १:७ म्हणजे १७८, १:८ म्हणजे २०३, १:९ म्हणजे २२९, १:१० म्हणजे २५४ आणि १:१२ म्हणजे ३०५.

आता फिरकी लागते कशाला? टोकदार बुलेटचं वजन मागच्या भागात जास्त असतं, पण हवेचा दाब एकवटतो तो त्याच्या पुढे, नाकाकडे. त्यामुळे हवा सतत नाक धरून बुलेट उलथवायला बघते. फिरणारा भोवरा जसा कलंडता कलंडता सावरतो, तशी फिरकी बुलेटला सावरते. बुलेट लांब झाली की हवेच्या हाती तरफ मोठी येते. शिवाय लांब, सडपातळ वस्तूचं वस्तुमान आसाच्या दिशेने पसरलेलं असतं, त्यामुळे तिच्या उलटण्याला आवर घालायला जास्त फिरकी लागते. हे दोन्ही परिणाम एकत्र येऊन जवळजवळ लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतात.

वजनाचं काम उलटं आहे. लांबी, व्यास आणि आकार तेच ठेवून बुलेट जड केली तर ती *जास्त* स्थिर होते. एकाच कॅलिबरमध्ये जड बुलेट लांबही असते, म्हणून आपण वजनाच्या नावाने बोलतो, एवढंच.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा ५.५६ नेटो या लष्करी रायफल काडतुसात सापडतो. एम८५५ ही ६२ ग्रेनची बुलेट सुमारे ०.९०६ इंच लांब आहे. तिची जोडीदार एम८५६ ट्रेसर (उजळत जाऊन मार्ग दाखवणारी) ६४ ग्रेनची, पण सुमारे १.१५ इंच लांब, कारण तिच्या पोटात शिशाऐवजी हलकं जळणारं मिश्रण भरलेलं असतं. वजनात फरक फक्त २ ग्रेनचा. पहिलीला १:९ पुरतो. दुसरीला, त्यातही थंडीत, १:७ लागतो. एम१६ए२ या लष्करी रायफलीला १:७ मिळाला तो या ट्रेसरमुळे. "६२ ग्रेनला १:७ हवा" हा समज तिथून पसरला.

---

लांबपल्ला

धागा काढलात ते बरं केलंत. सरळ उदाहरण घेऊन गणित करून दाखवाल का? .२२३ मध्ये ७७ ग्रेनची मॅच (स्पर्धेसाठीची) बुलेट, १:९ ची बॅरल. कुणी म्हणतं चालते, कुणी म्हणतं नाही. दोघंही ठामपणे सांगतात.

---

कॅलिपर

दोघंही बरोबर असू शकतात, आणि का ते गणितातच दिसतं. डॉन मिलर यांचं सूत्र वापरू. ते बुलेटच्या स्थिरतेचा एक आकडा देतं. आपण त्याला एसजी म्हणू. १ च्या खाली बुलेट उलटते. १ ते १.३ मध्ये उडते पण डळमळते. १.४ ला काम भागतं. १.५ च्या वर गेलं की बुलेटचा पूर्ण बीसी (ती हवेचा विरोध किती कापते त्याचा आकडा) हाती लागतो.

लागणाऱ्या गोष्टी चार: वजन ग्रेनमध्ये, व्यास इंचात, लांबी इंचात आणि ट्विस्ट इंचात. ७७ ग्रेनची मॅचकिंग ही मॅच बुलेट सुमारे ०.९९५ इंच लांब भरते. व्यास ०.२२४.

१. लांबीला व्यासाने भागा: ०.९९५ ÷ ०.२२४ = ४.४४. म्हणजे बुलेट ४.४४ कॅलिबर लांब.

२. त्याचा वर्ग करून १ मिळवा, मग पुन्हा ४.४४ ने गुणा: सुमारे ९२.

३. ट्विस्टलाही व्यासाने भागा. १:८ साठी ८ ÷ ०.२२४ = ३५.७. याचा वर्ग १,२७५.

४. व्यासाचा घन ०.०११२४.

५. तिन्हींचा गुणाकार, १,२७५ × ०.०११२४ × ९२, सुमारे १,३२०.

६. वजनाला ३० ने गुणा: २,३१०. त्याला १,३२० ने भागा. एसजी १.७५.

हे २,८०० फूट प्रति सेकंद वेगाला, १५ अंश सेल्सियस तापमानाला आणि समुद्रसपाटीच्या दाबाला धरून आहे. ट्विस्ट बदलला की पुन्हा सगळं करायची गरज नाही. एसजी ट्विस्टच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, त्यामुळे १:९ साठी १.७५ ला ६४/८१ ने गुणा: १.३८. १:७ साठी ६४/४९ ने: २.२९. १:१२ साठी ६४/१४४ ने: ०.७८.

म्हणजे १:९ मध्ये ७७ ग्रेन १.३८ वर बसते. उन्हाळ्यात किंवा उंचावर मारणारा म्हणेल "छान ग्रुप येतो", म्हणजे भोकं जवळजवळ पडतात. तीच बुलेट तोच माणूस कडाक्याच्या थंडीत समुद्रसपाटीला मारेल तर भोकं लांबट दिसायला लागतील. भर म्हणजे "१:९" लिहिलेली बॅरल प्रत्यक्षात १:९.२ असू शकते. सीमेवर बसलेल्या जोडीत या सगळ्यामुळे निकाल इकडचा तिकडे होतो.

---

शून्यवारा

थंडीचा मुद्दा आलाच आहे तर आकडे टाकतो.

एसजी हवेच्या घनतेच्या व्यस्त प्रमाणात चालतो. १५ अंशांवरून तापमान उणे २० ला गेलं, दाब तोच, तर केल्व्हिनमध्ये २८८ चे २५३ झाले. हवा तितकी दाट झाली आणि एसजी ०.८८ पट राहिला. वरचा १.३८ मग १.२१ वर येतो. याउलट २,००० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ८२ टक्के असते. एसजी १.२२ पट होतो आणि १.३८ चा १.६८.

हा प्रश्न कागदावरचा नाही. पहिल्या एम१६ रायफलींचा ट्विस्ट १:१४ होता. ५५ ग्रेन, साधारण ०.७४ इंच लांब बुलेट, ३,२०० फूट वेग: गणित केलं तर एसजी जेमतेम १.० येतो. सौम्य हवेत ती कशीबशी उडायची, पण अतिथंड हवेच्या चाचण्यांत अचूकता कोसळली. १९६३ मध्ये ट्विस्ट १:१२ करण्यात आला. त्याच बुलेटला १:१२ मध्ये १.३६ मिळतो. आणि याच १:१२ मध्ये पुढे एम८५५ घातली तर एसजी ०.८५. ती आडवी होऊन कागदावर आदळते.

म्हणून बॅरल निवडताना जिथे मारायचं तिथली सगळ्यात थंड सकाळ धरा. सरासरी हवामान धरू नका.

---

भोवरा

वेगाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: "वेग वाढवला की फिरकी वाढते, म्हणजे हळू ट्विस्टची भरपाई होते." फिरकी वाढते हे खरं, पण वेगाबरोबर हवेचा उलटवणारा जोरही जवळजवळ तितकाच वाढतो. निव्वळ फायदा क्षुल्लक उरतो. मिलरच्या सूत्रात वेगाची दुरुस्ती घनमुळाची आहे: वेग भागिले २,८००, त्याचं घनमूळ. वेग १० टक्क्यांनी वाढवला तर एसजी ३ टक्क्यांनी वाढतो. ट्विस्ट १:९ चा १:८ केला तर २७ टक्क्यांनी.

काडतुसातली दारू वाढवून डळमळीत बुलेट सावरायचा प्रयत्न म्हणूनच करू नये. दाब धोक्याच्या पातळीवर जाईल, बुलेट मात्र डळमळीतच राहील.

---

नेम_रोखून

मग बॅरल आखूड असेल तर? २० इंचांवरून १६ वर आलं की जास्त घट्ट ट्विस्ट लागतो असं वाचलं होतं.

---

भोवरा

त्याच हिशोबाने तपासा. समजा वेग २,७५० वरून २,५५० ला उतरला. घनमुळाचा गुणक ०.९९४ वरून ०.९६९ झाला, म्हणजे एसजी अडीच टक्क्यांनी घटला. १.७ असलेला १.६६ होईल. आखूड बॅरलने फरक पडतो तो सीमेवरच्या जोडीलाच.

सबसॉनिकची (ध्वनीपेक्षा कमी वेगाच्या बुलेटची) गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे वेग तिसऱ्या हिश्श्यावर येतो. .३०० ब्लॅकआउटमध्ये २२० ग्रेनची, सुमारे १.४९ इंच लांब बुलेट १,०५० फुटांनी सोडली की १:१० मध्ये एसजी १.३ च्या आसपास राहतो. १:८ मध्ये २.० मिळतो. या कॅलिबरच्या बहुतेक बॅरली १:८ किंवा १:७ मध्ये का येतात ते यातून कळेल. हे सूत्र मुळात सुपरसॉनिकसाठी बसवलेलं आहे, त्यामुळे सबसॉनिकला हातचा राखून ठेवा. इथे १.५ वर समाधान मानू नये.

---

लांबपल्ला

ग्रीनहिलचं सूत्र जुनं झालं का? ते डोक्यात करता येतं म्हणून आवडतं.

---

कॅलिपर

जुनं आहे, १८७९ चं. सर आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल यांनी ते तोफेच्या गोळ्यांसाठी बसवलं होतं. १५० गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले लांबी, की झाला ट्विस्ट. २,८०० फुटांच्या वर १५० ऐवजी १८० घेतात. ७७ ग्रेनला १५० धरून ७.६ इंच येतात, १८० धरून ९.१. मिलरनुसार १.५ एसजीसाठी साधारण ८.६ लागतो. अंदाज बरा आहे, पण त्यात हवा नाही, वजन थेट नाही आणि किती मार्जिन उरलं तेही कळत नाही. मैदानावर तोंडी हिशोबाला १५० वापरा. उत्तर सुरक्षित बाजूला पडतं. बॅरल विकत घेताना मिलर.

---

तांबडी_बुलेट

अखंड तांब्याच्या बुलेटवर कुणी लिहिलं नाही अजून, आणि आज सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

शिशाची घनता ११.३, तांब्याची ८.९६. त्याच वजनाची तांब्याची बुलेट त्याच व्यासात बसवायची तर ती लांबच होणार. आकारानुसार १० ते १५ टक्के. हे ऐकायला थोडं वाटतं. समजा शिशाच्या गाभ्याची बुलेट ४ कॅलिबर लांब आहे आणि एसजी १.८ आहे. तांब्याची १२ टक्के लांब, म्हणजे ४.४८ कॅलिबर. सूत्रातला लांबीचा भाग ६८ वरून ९४ वर जातो आणि एसजी १.३ वर घसरतो. वजन ग्रेनभरही हललेलं नाही!

म्हणून तांब्याच्या बुलेटसाठी तक्त्यातलं वजन एक पायरी खाली घ्या. १:९ मध्ये ६९ ग्रेनची शिशाची चालत असेल तर तांब्याची ५५ ते ६२ मध्ये शोधा. पाकिटावर उत्पादकाने बऱ्याचदा किमान ट्विस्ट छापलेला असतो. तो सल्ला नसून अट आहे असं समजून चाला.

शिकारी बुलेटच्या बाबतीत याला आणखी एक बाजू आहे. एसजी काठावर असलेली तांब्याची बुलेट हवेत नीट उडते, पण जनावराच्या शरीरात शिरताना तिरकी होते आणि तोंड उमलत नाही. कागदावर गोल भोक दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका.

---

कॅलिपर

तांबडी_बुलेट यांच्या प्रतिसादाला जोडून: प्लॅस्टिकच्या टोकाच्या बुलेटमध्ये चूक उलट्या दिशेने होते. ते टोक लांबीत मोजलं जातं, पण त्याला वजन जवळजवळ नाही. पूर्ण लांबी सूत्रात घातली तर एसजी आहे त्यापेक्षा कमी दिसतो. टोक वगळून धातूची लांबी घेतली तर थोडा जास्त दिसतो. दोन्ही करून बघा, खरा आकडा मध्ये कुठेतरी असतो. दोन्ही उत्तरं १.४ च्या वर असतील तर काळजी नाही.

लांबी मात्र कॅलिपरने मोजा. पाच बुलेट घ्या, टोकापासून बुडापर्यंत मोजून सरासरी काढा. कॅलिपरचे जबडे प्लॅस्टिकच्या टोकावर दाबू नका. हलकेच टेकवा, नाहीतर दोन-तीन हजारांश इंच दबतात.

---

नेम_रोखून

बॅरलवर ट्विस्ट लिहिलेलाच नसेल तर? जुन्या रायफलीवर फक्त कॅलिबर कोरलेलं असतं.

---

शून्यवारा

घरी मोजता येतो. बेअरिंगवर मोकळी फिरणारी मूठ असलेला क्लीनिंग रॉड लागतो. घट्ट मूठ असेल तर पॅच (सफाईच्या कापडाचा तुकडा) पिळात न फिरता सरळ घसरेल.

रायफल रिकामी आहे हे चेंबरमध्ये बोट घालून तपासा, मॅगझिन काढा, बोल्ट बाहेर काढून बाजूला ठेवा. रायफल आडवी, हलणार नाही अशी बसवा. जॅगवर (रॉडच्या टोकाला लावायच्या तुकड्यावर) तेलाचा हात लावलेला पॅच घ्या. तो इतका घट्ट हवा की ढकलताना अंगठ्याला जोर जाणवला पाहिजे. चेंबरच्या बाजूने ढकला आणि पॅच रायफलिंगमध्ये तीन-चार इंच आत शिरला की थांबा. सुरुवातीचा तुकडा घेऊ नका, तिथे पॅच अजून बसत असतो.

आता रॉडवर दोन खुणा हव्यात. मुठीजवळ चिकटपट्टीचा छोटा झेंडा, बरोबर वर उभा राहील असा. दुसरी खूण बोल्ट शिरतो त्या कडेशी, पेन्सिलीने. हळू, एका दमात ढकला. झेंडा एक पूर्ण गिरकी घेऊन पुन्हा उभा झाला की थांबा, त्याच कडेशी दुसरी पेन्सिलीची रेघ ओढा. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे ट्विस्ट. आखूड नळीत पूर्ण गिरकी बसत नसेल तर अर्धी घेऊन दुप्पट करा.

निदान पाच वेळा करा, दर वेळी नवा पॅच. पॅच घसरला तर अंतर वाढीवच दिसतं, कमी कधी दिसत नाही. म्हणून सरासरी काढू नका, सगळ्यात लहान आकडा धरा. ९.४, ९.१, ९.१, ९.६, ९.० आले तर बॅरल १:९ ची आहे.

झेंडा उजवीकडे फिरला की उजवा पीळ. जवळजवळ सगळ्या रायफली उजव्या. ली-एनफील्ड .३०३ डावी आहे, पीळ १:१०.

---

भोवरा

.२२४ इंच व्यासाच्या (.२२३ आणि ५.५६ च्या) बुलेटसाठी एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे हाच प्रश्न पुन्हा येणार नाही. आकडे शिशाचा गाभा असलेल्या नेहमीच्या आकाराच्या बुलेटचे आहेत.

१:१४ मध्ये ५० ते ५२ ग्रेन, तेही सपाट बुडाच्या आखूड बुलेट. बोटटेल (बुडाकडे निमुळती बुलेट) टाळा, कारण त्याच वजनात ती लांब असते. १:१२ मध्ये ५५. १:९ मध्ये ६९ आरामात, ०.९०० इंच लांब मॅच बुलेटला १.६५ मिळतो. ७५ ते ७७ तपासून. १:८ मध्ये ७७ आणि ८०. १:७ मध्ये त्याच्या वरच्या.

८० ग्रेनबद्दल आणखी एक अडचण सांगतो जी ट्विस्टची नाही. एआर (एम१६ सारख्या रायफलींच्या) प्रकारच्या मॅगझिनमध्ये काडतुसाची एकूण लांबी २.२६० इंचांपर्यंतच बसते. ८० ग्रेनच्या मॅच बुलेट त्या लांबीत केसमध्ये फार खोल जातात, म्हणून त्या एकेक करून चेंबरमध्ये घालतात. मॅगझिनमधून भरायच्या असतील तर ७७ हीच व्यवहारातली मर्यादा, मग बॅरल १:७ ची का असेना.

.३०८ ला १:१२ ने १७५ ग्रेनपर्यंत निभावतं. १७५ ची लांबी १.२४० इंच, २,६०० फुटांना एसजी १.६७. लोक उगाच घाबरून १:१० मागतात. २०० च्या पुढच्या लांब बुलेट वापरायच्या असतील तर मात्र १:१० घ्या.

---

लांबपल्ला

मग सरळ सगळ्यांनीच १:७ का घेऊ नये? जास्त फिरकीने काही बिघडतं का?

---

कॅलिपर

बिघडतं, पण लोक सांगतात त्या कारणाने नाही. "अतिस्थिर बुलेट नाक वर ठेवूनच जाते, खाली वळत नाही" हे तोफेच्या उंच कोनातल्या माऱ्याला लागू आहे. रायफलीच्या सपाट मार्गात त्याचा हिशोब धरण्याइतका परिणाम होत नाही.

खरी किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते.

पहिली म्हणजे बुलेटचा असमतोल. जॅकेट (बुलेटचं बाहेरचं धातूचं कवच) एका बाजूला किंचित जाड असलं की गुरुत्वमध्य अक्षापासून सरकतो. नळीत बुलेट नळीच्या अक्षाभोवती फिरते, तोंडातून सुटली की स्वतःच्या गुरुत्वमध्याभोवती. त्या क्षणी तिला बाजूला एक छोटा धक्का बसतो. तो मोजता येतो: सरकलेलं अंतर गुणिले ६.२८, भागिले ट्विस्ट. गुरुत्वमध्य फक्त ०.०००२ इंच सरकला असेल तर १:८ मध्ये ०.५४ एमओए (अंशाचा साठावा भाग) फेक, १:१२ मध्ये ०.३६, १:१४ मध्ये ०.३१. बेंचरेस्टवाले (टेबलावर रायफल टेकवून अचूकतेच्या स्पर्धा खेळणारे) ६ पीपीसी काडतुसाला १:१३.५ किंवा १:१४ चा ट्विस्ट आणि आखूड सपाट बुडाची बुलेट का वापरतात, ते इथे आहे. त्यांना फिरकी पुरेल इतकीच हवी असते, एक फेराही जास्त नको. चांगल्या प्रतीच्या मॅच बुलेटमध्ये असमतोल इतका कमी असतो की हा फरक ग्रुपमध्ये दिसणं कठीण. स्वस्त एफएमजेमध्ये (पूर्ण जॅकेटच्या साध्या बुलेटमध्ये) तो स्पष्ट दिसतो.

दुसरी जॅकेट फाटण्याची. फेरे काढायला वेगाला ७२० ने गुणून ट्विस्टने भागा. २,७५० फूट, १:८: मिनिटाला २,४७,५०० फेरे. ३,३०० फूट, १:७: सुमारे ३,३९,०००. तीन लाखांच्या वर पातळ जॅकेटच्या हलक्या वार्मिंट (लहान उपद्रवी प्राण्यांसाठीच्या) बुलेटची खात्री देता येत नाही. लक्षणं अशी: पाच मारल्या, कागदावर तीन भोकं. कधी हवेत राखाडी रेघ किंवा धुराचा पुंजका दिसतो. खरबरीत, झिजलेल्या बॅरलमध्ये जॅकेटवर आधीच ओरखडे पडतात, तिथे हे लवकर होतं. जाड जॅकेटची ५५ ग्रेन एफएमजे १:७ मध्ये काही न होता उडते.

तिसरी, स्पिन ड्रिफ्ट, म्हणजे फिरकीमुळे बुलेटचं एका बाजूला सरकणं. ही नगण्य आहे. प्रचलित अंदाजी सूत्राने, दीड सेकंद उड्डाणकाळाला एसजी १.५ असेल तर सुमारे ७ इंच, २.२ असेल तर ९ इंच. हजार यार्डांवर दोन इंचांचा फरक, आणि तोही दर वेळी त्याच दिशेला, म्हणजे दुरुस्त करता येणारा. ताशी एक मैल वाऱ्याचा अंदाज चुकला तर याच्या कितीतरी पट चूक होते.

म्हणून माझं मत: १.५ च्या खाली राहण्याचा तोटा १.५ च्या वर जाण्याच्या तोट्यापेक्षा बराच मोठा आहे. शंका असेल तर घट्ट बाजूची पायरी घ्या. फक्त हलक्या, पातळ जॅकेटच्या बुलेट मारणार असाल तरच उलटं करा.

---

तांबडी_बुलेट

या मताला इतिहासाची साक्ष आहे. १९५५ साली एकाच वर्षी दोन ६ मिमी काडतुसं आली. .२४४ रेमिंग्टनला १:१२ दिला होता, ९० ग्रेनपर्यंतच्या बुलेटचा विचार करून. .२४३ विंचेस्टरला १:१०, १०० ग्रेन धरून. हरणाला १०० ग्रेन हवी असणाऱ्यांनी .२४३ उचलली. रेमिंग्टनने १९६३ मध्ये ट्विस्ट १:९ करून तेच काडतूस ६ मिमी रेमिंग्टन नावाने आणलं, पण बाजार हातचा गेला होता. केस तर .२४३ पेक्षा किंचित मोठीच होती.

उलट उदाहरण ६.५×५५ स्वीडिशचं. १८९४ मध्ये १५६ ग्रेनच्या लांब, गोल नाकाच्या बुलेटसाठी २०० मिमीचा, म्हणजे जवळजवळ १:८ चा ट्विस्ट ठरला. त्याच पिळात आजच्या १४० ग्रेनच्या लांबट मॅच बुलेट काही न बदलता बसतात. .२७० विंचेस्टर १९२५ पासून १:१० ला बांधलेली राहिली आणि १५० ग्रेनच्या आसपास अडकली.

---

नेम_रोखून

कागदावरच्या भोकांवरून निदान कसं करायचं?

---

शून्यवारा

कागद आधी नीट घ्या. साधा पातळ कागद फाटतो आणि प्रत्येक भोक संशयास्पद दिसतं. जाड पुठ्ठा, मागे आधार, आणि तो मारण्याच्या रेषेला काटकोनात. पुठ्ठा कललेला असेल तर सगळी भोकं एकाच दिशेला लांबट दिसतात. डळमळणाऱ्या बुलेटची भोकं वेगवेगळ्या दिशांना लांबट असतात, आणि काठावरची काजळीची करडी कड एका बाजूला जाड पडते.

२५, ५० आणि १०० मीटरवर पाच-पाच मारा. तोंडातून सुटताना प्रत्येक बुलेट थोडी हेलकावते. पुरेशी फिरकी असेल तर तो हेलकावा विरत जातो. २५ ला भोकं किंचित लांबट आणि १०० ला गोल असतील तर ट्विस्ट पुरतोय. २५ ला किंचित, १०० ला जास्त लांबट असतील तर पुरत नाही. चावीच्या भोकासारखी आडवी आकृती उठली की तिथेच थांबा. नळीच्या तोंडावर ब्रेक (धक्का कमी करणारा जोड) बसवलेला असेल तर तिरकी बुलेट त्याला आतून घासू शकते. ब्रेकच्या भोकाच्या कडेला तांब्याचा किंवा शिशाचा ओरखडा दिसतो का ते बघा.

ट्विस्टला दोष देण्याआधी तीन गोष्टी वगळा. क्राउनवर (नळीच्या तोंडाच्या कडेवर) ठोका असेल तर वायू एका बाजूने आधी सुटतो आणि बुलेट कलते. नखाची कड किंवा कापसाचा बोळा क्राउनवरून फिरवा, कुठे अडकतो का पाहा. दुसरं, बुलेटचा व्यास कमी असणं. जुन्या .३०३ मध्ये ग्रूव्हचा (रायफलिंगच्या खाचांचा) व्यास बराच मोठा निघू शकतो, तिथे बुलेट पीळ पकडतच नाही. मऊ शिशाचा तुकडा नळीतून ढकलून काढून मोजा, मग कळतं. तिसरं, गंज किंवा झीज. खूप वापरलेल्या नळीत सुरुवातीचं रायफलिंग उरलेलंच नसतं.

---

भोवरा

यात एक भर. ३० कॅलिबरची १६८ ग्रेन मॅचकिंग ८०० यार्डांच्या पुढे डगमगते, म्हणून लोक १:१० च्या बॅरलमागे लागतात. तो पैसा वाया जातो. पुढे जाता जाता वेग झपाट्याने घटतो, फिरकी मात्र हळू घटते, त्यामुळे एसजी लांब पल्ल्यावर *वाढतो*. डगमग होते ती ध्वनीच्या वेगाजवळ येताना. १६८ च्या बुडाचा उतार १३ अंशांचा आहे आणि त्या वेगात तिथला हवेचा प्रवाह हेलकावा विरवायच्या ऐवजी वाढवतो. ही बुलेट मुळात ३०० मीटरच्या नेमबाजीसाठी घडवली होती. १७५ चा उतार ९ अंशांचा, ती त्याच १:१२ बॅरलमधून हा टप्पा नीट ओलांडते. इथे बुलेट बदला, बॅरल नको.

---

लांबपल्ला

मापं घेतली. रॉडने लहानात लहान आकडा ९.१ आला. पाच बुलेटची सरासरी लांबी ०.९९६. गणित केलं तर १५ अंशांना एसजी १.३५.

---

कॅलिपर

मग ७७ सोडा. ६९ वर या, १.६ च्या वर राहाल. ७७ च मारायची असेल तर उष्ण दिवसांपुरती ठेवा, आणि बीसी पाकिटावरच्यापेक्षा थोडा कमी धरून पडझडीचा (बुलेट किती खाली उतरते त्याचा) तक्ता बनवा. १.५ च्या खाली बुलेट किंचित तिरकी उडत राहते आणि हवेचा विरोध वाढतो. ६०० यार्डांवर मारून प्रत्यक्ष पडझड मोजली की बीसी किती घटला ते थेट मिळेल. तो आकडा इथे टाका.